कमाई घटली, तर पोटगीचे काय?

आजच्या धड्यातला पहिला शब्द आहे पोटगी. शब्द लहान आहे, पण त्यावरून गावोगाव भांडणे होतात. पोटगी हा शब्द पोटावरून आला. ज्याचे पोट आपल्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी दरमहा द्यायचा पैसा म्हणजे पोटगी.

नवराबायकोचे पटले नाही, तर ती वेगळी राहतात. लेकरू मात्र दोघांचेच राहते. त्याला दोन वेळा भाकरी लागते. वह्या लागतात. ताप आला तर औषध लागते. म्हणून कोर्ट ठरवून देते की, बापाने मुलासाठी दरमहा अमुक रुपये द्यावेत.

इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. घोळ होतो तो पुढे. बापाची कमाई नेहमी सारखी राहत नाही. कधी काम सुटते, कधी पाय मोडतो, कधी पाऊस दगा देतो. कधी उलट होते, कमाई दुप्पट होते. मग पोटगीचे काय करायचे? ती आपोआप कमी होते का? आपोआप वाढते का?

उत्तर आधीच सांगून ठेवतो. आपोआप काहीच होत नाही. कोर्टाने लिहिलेला आकडा कोर्टच बदलते. तो बापाला बदलता येत नाही, आईला येत नाही, पंचांना येत नाही आणि आम्हा गुरुजींनाही येत नाही. ही गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. कशी शिकलो, ते ऐका.

टेंपोवाल्याची गोष्ट

आमच्या गावात एक टेंपोवाला होता. नाव सांगत नाही. नावाशी आपल्याला काम नाही. तो आमच्याच शाळेत शिकला. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी राहत होती. कोर्टाने मुलीसाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले होते. तेव्हा टेंपोवाला महिन्याला १८,००० रुपये मिळवी. पैसे वेळेवर जात. तक्रार नव्हती.

एके दिवशी घाटात टेंपो उलटला. याचा पाय दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर घातले. कमाई बंद झाली. आम्ही बघायला गेलो. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "गुरुजी, या महिन्याचं पोरीचं पैसं कुठनं देऊ?"

आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आधी बरा हो. पोरीच्या आईला समजेल. पैसे काय, मागाहून देता येतील."

मंडळी, हा सल्ला आम्ही मायेने दिला, पण तो चुकीचा होता. आम्ही कोर्टाचा हुकूम वाचला नव्हता. पोरीच्या आईला कोणी काही कळवले नव्हते. "तिला समजेल" असे आम्ही म्हटले, पण सांगितल्यावाचून कोणाला कसे समजणार?

टेंपोवाल्याने आमचे ऐकले. पैसे पाठवणे थांबवले. तीन महिन्यांनी प्लास्टर निघाले. पाय पूर्वीसारखा झाला नाही. टेंपो चालवणे जमेना. मग तो खताबियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहायला बसला. पगार ९,००० रुपये. पैसे पाठवायचे राहिले ते राहिलेच. त्याला वाटले, गुरुजी म्हणाले आहेत, मागाहून देता येतील.

दुसऱ्या घरी काय चालले होते?

पोरगी तेव्हा सातवीत होती. बाईंनी फळ्यावर लिहिलेले तिला दिसेना. आधी ती पुढच्या बाकावर बसली. मग शेजारणीच्या वहीत बघून लिहू लागली. बाईंना वाटले, पोरीचे लक्ष नाही. शेवटी डोळे तपासले. चष्म्याचा नंबर निघाला.

आई शेतात मजुरीला जाई आणि रात्री ब्लाउज शिवी. चष्म्यासाठी तिने बचत गटातून कर्ज काढले. चार महिने वाट पाहिली. निरोप धाडले. उत्तर नाही. मग ती तालुक्याला गेली आणि थकलेल्या पोटगीसाठी अर्ज केला. कोर्टाची नोटीस टेंपोवाल्याच्या घरी आली. घाबरून त्याने ती घेतलीच नाही. नोटीस परत केली की प्रकरण मिटते, अशी त्याची समजूत! मग वॉरंट निघाले.

तोपर्यंत ९ महिने झाले होते. महिना ४,००० प्रमाणे ३६,००० रुपये थकले. टेंपोवाला लंगडत आमच्या दारात आला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

आम्ही काय बोलणार? आमची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो. पोरीची आई कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसली होती. तीही आमचीच विद्यार्थिनी. आम्ही म्हणालो, "पोरी, याचा पाय मोडला होता. नऊ महिन्यांत तुला कोणी सांगितलं नाही का?"

ती म्हणाली, "नाही गुरुजी. मला वाटलं, त्यांनी दुसरं लग्न केलं. कळलं असतं तर मी वॉरंटापर्यंत गेले नसते. पण पोरीचे डोळे तर थांबणार नव्हते."

हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

कायदा काय सांगतो?

आता कायद्याचे बघू. सावकाश वाचा.

पोटगीचा कायदा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. त्याचे नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. यात पोटगीचे कलम १४४ आहे. परिस्थिती बदलली तर पोटगी बदलण्याचे कलम १४६ आहे. हुकूम अमलात आणण्याचे कलम १४७ आहे. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. तुमच्याजवळ जुन्या कलमाचा हुकूम असेल, तर घाबरू नका. कलमाचा आकडा बदलला, म्हणून हुकूम रद्द झाला नाही.

केंद्राच्या कायद्यात पूर्वी महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. २००१ साली ती काढून टाकली. आता ठरलेला आकडा नाही. पगाराचा अमुक हिस्सा द्यावा, असेही कायद्यात लिहिलेले नाही. मुलाची गरज किती, बापाची कुवत किती, आई मिळवते का, बापावर आणखी कोणाचे पोट आहे, हे सगळे पाहून कोर्ट रक्कम ठरवते.

दोघांची खरी कमाई कळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एक नियम घालून दिला. दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथपत्रावर लिहून द्यायचा. शपथपत्र म्हणजे शपथ घेऊन लिहिलेला कागद. त्यात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे.

आता कलम १४६ बघा. देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची परिस्थिती बदलली आणि ते पुराव्याने दाखवले, तर न्यायदंडाधिकारी रक्कम कमी करू शकतात किंवा वाढवू शकतात. यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक 'अर्ज' आणि दुसरा 'पुरावा'. अर्ज केल्याशिवाय कोर्टाला कळत नाही. पुरावा दिल्याशिवाय कोर्टाला पटत नाही.

हुकूम असून पैसे दिले नाहीत, तर काय होते? कोर्ट वॉरंट काढते. मालमत्तेतून वसुली होऊ शकते. तरीही पैसे राहिले, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. काहीजण म्हणतात, "जेल भोगली की देणं फिटलं." ते खोटे आहे. जेल भोगून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

आईसाठीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवे असेल, तर ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" म्हणत बसू नका. हुकुमाची एक प्रत आईला फुकट मिळते. ती जपून ठेवा. बाप दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून हुकूम अमलात आणता येतो.

टेंपोवाल्याचे पुढे काय झाले?

टेंपोवाल्याने त्याच दिवशी रक्कम कमी करण्याचा अर्ज दिला. दवाखान्याचे कागद जोडले. दुकानदाराकडून पगाराचा दाखला आणला. दोघांनीही शपथपत्रे दिली. कोर्टाने कागद पाहिले. पाय खरोखर मोडला होता, पगार खरोखर निम्मा झाला होता. अर्जाच्या तारखेपासून पुढे रक्कम २,५०० रुपये झाली.

पण मागचे ३६,००० रुपये? ते तसेच राहिले. अर्जाच्या आधीचे महिने जुन्या हुकुमाचे. ते आपोआप पुसले जात नाहीत. शेवटी आईने समजूतदारपणा दाखवला. दोघांच्या संमतीने हप्ते पडले. महिना १,५०० रुपये, २४ महिने.

आता हिशेब करा. नवी पोटगी २,५०० आणि हप्ता १,५००. बेरीज किती? ४,०००. म्हणजे पगार निम्मा झाला, तरी टेंपोवाल्याला दोन वर्षे महिन्याला तेच चार हजार द्यावे लागले.

दुसरा हिशेब. त्याने अपघातानंतर लगेच अर्ज केला असता आणि तेव्हापासून २,५०० ठरले असते, तर ९ महिन्यांचे २२,५०० झाले असते. ३६,००० मधून २२,५०० वजा केले, तर १३,५०० उरतात. एक अर्ज वेळेवर केला नाही, त्याची ही किंमत. आणि आमच्या सल्ल्याचीही.

वर्गात विचारलेले प्रश्न

हा धडा आम्ही प्रथम रात्रीच्या वर्गात तोंडी सांगितला. तेव्हा मंडळींनी प्रश्न विचारले. ते तुमच्याही मनात असतील.

एक दादा म्हणाले, "गुरुजी, बायको पोराला भेटूच देत नाही. मग पैसं का द्यायचं?"

दादा, भेट हा एक प्रश्न आणि पोटगी हा दुसरा. भेट मिळत नसेल, तर भेटीसाठी वेगळा अर्ज करा. पैसे बंद केले, तर शिक्षा बायकोला होत नाही, लेकराला होते. आणि तायांनो, पैसे उशिरा आले म्हणून लेकराला बापापासून तोडू नका.

एका ताईने विचारले, "मी आता अंगणवाडीत मदतनीस आहे. मग पोटगी बंद होईल का?"

नाही, ताई. आई मिळवते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. दोघे मिळवत असतील, तर मुलाचा खर्च दोघांच्या कमाईच्या मानाने वाटला जाऊ शकतो. तुमची कमाई लपवू नका. लपवली आणि पुढे उघड झाली, तर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही.

दुसरे एक भाऊ हसत म्हणाले, "मग नोकरीच सोडली तर? कमाई नाही, पोटगी नाही."

भाऊ, कोर्ट इतके भोळे नाही. धडधाकट माणूस मोलमजुरी करूनही बायकापोरांना पोसायला बांधलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात म्हटले आहे. पाय मोडणे वेगळे आणि पोटगी चुकवायला घरी बसणे वेगळे. हौसेने नवी मोटरसायकल घेतली आणि तिचा हप्ता पुढे केला, तर तेही सहसा चालत नाही.

एका मावशीने विचारले, "माझ्या नातवाला तीन वर्षांचा असताना १,५०० रुपये ठरले होते. आता तो तेरा वर्षांचा आहे. तेवढ्यात काय भागतं?"

मावशी, तुमच्या लेकीने वाढीचा अर्ज करावा. मुलगा मोठा झाला, शाळेचा खर्च वाढला, महागाई वाढली, बापाची कमाई वाढली, ही सगळी कारणे सांगता येतात. शाळेच्या पावत्या, औषधांची बिले आणि खर्चाची वही जोडा.

शेवटी एका पोराने विचारले, "पोटगी कुठवर द्यायची?"

कलम १४४ प्रमाणे साधारणपणे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. मूल अपंग असेल आणि स्वतःचे पोट भरू शकत नसेल, तर पुढेही. हिंदू कुटुंबातली मुलगी अविवाहित असेल आणि तिला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली १८ नंतरही मागता येते.

अर्ज कुठे आणि कसा करावा?

ज्या कोर्टाने हुकूम दिला, सहसा त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करतात. तालुक्याला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी असतात. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय असते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो. त्यांची कमाई किती, हे पाहत नाहीत. कमी उत्पन्नाच्या पुरुषालाही मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती विचारता येते.

वकील अर्ज नीट लिहील. पण काय सांगायचे, ते आपल्याला ठाऊक हवे. साध्या भाषेत मजकूर असा असतो:

"मा. न्यायदंडाधिकारी साहेब यांस. माझ्या मुलीच्या पोटगीचा हुकूम अमुक तारखेला झाला. प्रकरण क्रमांक अमुक. तेव्हा माझी कमाई महिना १८,००० रुपये होती. अमुक तारखेला अपघात होऊन माझा पाय मोडला. आता मी दुकानात काम करतो. पगार ९,००० रुपये आहे. दवाखान्याचे कागद आणि पगाराचा दाखला सोबत जोडला आहे. मुलीची जबाबदारी मला मान्य आहे. माझ्या आजच्या कुवतीप्रमाणे रक्कम ठरवून द्यावी, ही विनंती."

शेवटून दुसरे वाक्य पुन्हा वाचा. "मुलीची जबाबदारी मला मान्य आहे." असे बोलणाऱ्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते, असा आमचा अनुभव आहे. आणि एक दिवस लेकरूही तो कागद वाचील.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत पैसे पूर्ण बंद करू नका. जेवढे जमतात, तेवढे दरमहा पाठवा. हातात रोख देऊ नका. बँकेत भरा किंवा फोनवरून पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. रोख द्यावेच लागले, तर पावती लिहून सही घ्या. आता तुम्हाला लिहिता येते. मग पावतीचा कंटाळा का?

लक्षात ठेवा

१. पोटगी लेकराची आहे. ती आईचे बक्षीस नाही आणि बापाचा दंडही नाही.

२. कमाई बदलली, तर त्याच महिन्यात दुसऱ्या घरी कळवा आणि कोर्टात अर्ज करा.

३. कोर्टाचा हुकूम तोंडी बोलण्याने बदलत नाही.

४. नोटीस आली तर घ्या, वाचा, तारखेला हजर राहा.

५. थकलेल्या रकमेसाठी आईने एक वर्षाच्या आत अर्ज करावा.

६. खरी कमाई सांगा. दोघांनीही.

आता ती पोरगी दहावीत आहे. तिला चष्मा आहे आणि फळा लख्ख दिसतो. टेंपोवाल्याचे हप्ते गेल्या दिवाळीत संपले. शेवटचा हप्ता भरल्यावर तो बँकेची पावती घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, वाचा." आम्ही म्हणालो, "तूच वाच, बाबा. आम्ही एकदा न वाचता सल्ला दिला, तेवढा पुरे."

अभ्यास

१. पोटगी हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?

२. टेंपोवाल्याने पहिल्या महिन्यात कोणत्या दोन गोष्टी करायला हव्या होत्या?

३. महिना ३,००० रुपये पोटगी ७ महिने थकली. एकूण किती झाले?

४. गुरुजींनी दिलेला सल्ला का चुकला? आपसांत चर्चा करा.

५. तुम्ही कोणाला २,५०० रुपये रोख दिले, असे समजा. त्याची पावती वहीत लिहून काढा. तारीख आणि सही विसरू नका.

शब्दांचे अर्थ

थकबाकी – वेळेवर न दिलेली, राहून गेलेली रक्कम.
शपथपत्र – शपथ घेऊन लिहिलेला कागद.
कुवत – देण्याची ताकद.
देय – द्यायची वेळ झालेली.
संमती – दोघांची कबुली.